थोरली दोन म्हणाली

साहेब, या बाईला तुम्ही पाच तास खुर्चीवर बसवून आतून सडू दिलंत, आणि आता सही मात्र तिच्या जावेची मागताय.

हे वाक्य धाकटीने सकाळपासून सात-आठ वेळा मनात म्हणून पाहिलं होतं. घरातून निघताना ते चांगलं धारदार होतं. बसमध्ये 'सडू दिलंत' हे जरा जास्तच वाटलं. हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरली, पहारेकऱ्याने रोजच्यासारखी मान हलवली, तेव्हा त्यातला 'तुम्ही' गळून पडला. आणि चौकशीच्या खोलीबाहेरच्या लाकडी बाकावर येऊन बसेपर्यंत त्याचं 'साहेब, एक विनंती होती' असं काहीतरी गुळगुळीत होऊन गेलं होतं. ती स्वतःवरच चिडली. आपल्या तोंडात शिरता शिरता प्रत्येक गोष्ट अशी लहान का होते? कुणी सांगितलेलं नसतं, कुणी हात धरलेला नसतो. तरी घशापाशी कुणीतरी चाळणी लावून बसलेलं असतं आणि मोठं मोठं सगळं मागे ठेवून घेतं.

तिला घरात सगळे धाकटी म्हणत, कारण थोरली होती. दोघी जावा, एका घरात, एका स्वयंपाकघरात. इथे या इमारतीत ती सिस्टर. एकोणीस वर्षं नर्स, त्यातली अकरा पहिल्या खिडकीवर. तपासायला आलेला माणूस आधी पहिल्या खिडकीवर येतो. काय दुखतंय ते सांगतो आणि किती दुखतंय ते आकड्यात सांगतो. अजिबात नाही म्हणजे शून्य, सोसवतच नाही म्हणजे दहा. त्या आकड्यावर ठरतं, माणूस सरळ आत डॉक्टरांकडे जाणार की समोरच्या हिरव्या खुर्च्यांवर बसून राहणार. नाडी, ताप, रक्तदाब हे सगळं नंतर, दुसऱ्या खोलीत, आकड्याच्या क्रमाने. अकरा दिवसांपूर्वी, मंगळवारी, थोरली त्या खिडकीवर आली आणि दोन म्हणाली. धाकटीने दोनच राहू दिले. पाच तासांनी थोरली हिरव्या खुर्चीवरून खाली पडली. तिचं आंत्रपुच्छ फुटलं होतं आणि पू पोटभर झाला होता. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'पाच तासांचा उशीर' असे शब्द लिहिले, म्हणून ही चौकशी. आणि चौकशी कशी संपवायची तेही ठरलेलं होतं, कारण काल संध्याकाळीच टाईप केलेला कागद धाकटीच्या हातात आला होता. 'रुग्णाने वेदनेची तीव्रता प्रत्यक्षापेक्षा कमी सांगितल्याने उपचारास विलंब झाला. खिडकीवरील कर्मचाऱ्याने नियमानुसार नोंद केली.' खाली सहीसाठी रेघ. तो वाचताना तिला काहीच झालं नव्हतं. मग घडी घालताना 'रुग्णाने' हा शब्द नेमका घडीवर आला आणि तिने कागद पुन्हा उलगडला. रुग्णाने. म्हणजे थोरलीने. म्हणजे सगळं करून सवरून थोरलीनेच.

किती दुखतंय, दहापैकी? अकरा वर्षांत तिने हा प्रश्न इतक्या तोंडांना विचारला होता की झोपेत कुणी हलवलं असतं तरी तेच बाहेर पडलं असतं. उत्तरं म्हणाल तर एकेक मासलेवाईक. एक निवृत्त मास्तर नेहमी साडेसहा सांगायचे, सातला कबूल व्हायचे नाहीत. एक जण घासाघीस करायचा, आठ लिहा, बरं राहिलं, सात तरी लिहा. कुणी म्हणायचं, मागच्या वेळी किती लिहिलं होतं? कुणी म्हणायचं, तुम्हीच टाका काय ते, तुम्हाला जास्त कळतं. शेजारच्या खिडकीवरचा केसपेपरवाला म्हणायचा, "सिस्टर, सोमवारी सकाळी माझं नऊ असतं आणि शनिवारी दुपारी शून्य, याला औषध काय?" आणि म्हाताऱ्या बायका, त्या तर आकड्यापर्यंत यायच्याच नाहीत. आहे ते बरंय, म्हणायच्या. आहे ते बरंय म्हणजे किती हो आजी? तर हसायच्या. नवीन असताना धाकटीला वाटायचं, यांना प्रश्नच कळत नाही. तिला शिकवलं मोठ्या सिस्टरनी. त्या आता निवृत्त झाल्यात. जाड भिंगाचा चष्मा, घोगरा आवाज. त्या म्हणाल्या, "अगं वेडे, ते सांगतात ते लिहायचं नसतं. हमालाने तीन म्हटलं की सहा लिही. म्हातारीने बरंय म्हटलं की उठवून आत ने. इस्त्रीच्या कपड्यातला माणूस सांगेल तेवढंच लिही, त्याला लहानपणापासून विचारलेलं असतं. आणि गळा काढून रडत येईल त्याचे तीन कमी कर." हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, कुठल्या भिंतीवर टांगलेलं नव्हतं. एका खिडकीवरून दुसरीला, एका तोंडातून दुसऱ्या कानात, अशी ती बेरीज-वजाबाकी वर्षानुवर्षं चालत आली होती, आणि सगळं हॉस्पिटल त्यावर उभं होतं, पण कुणी विचारलं तर तशी काही पद्धतच नव्हती.

मग एक दिवस एक हमाल आला. छाती चोळत होता. तीन म्हणाला. तिने सात लिहिले. त्याच्या मागे मनगट मुरगळलेला एक गृहस्थ होता, त्याने आठ सांगितले होते आणि तिने ते पाच केले होते. हमाल आधी आत गेलेला पाहून त्याने तिथेच उभ्याने तक्रार लिहिली. हमालाला हृदयाचा झटका आला होता हे नंतर सगळ्यांना कळलं, पण तक्रारीवर तक्रार म्हणून कारवाई व्हायची ती झालीच. धाकटीला लेखी समज मिळाली. महिन्याभरात पहिल्या खिडकीवर स्क्रीन आली. शून्य ते दहा असे अकरा चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडवेला. रुग्णाने स्वतःच्या बोटाने दाबायचं. प्रशासकसाहेबांनी सगळ्यांना बोलावून भाषण केलं. रुग्णाचा आकडा हाच अंतिम, त्यात कर्मचाऱ्याने फेरफार करायचा नाही, आता खऱ्या अर्थाने रुग्णाचा आवाज ऐकला जाईल. टाळ्या वाजल्या. धाकटीनेही वाजवल्या. का नाही वाजवायच्या? ऐकायला चांगलंच होतं ते. आवाज कुणाकडे आहे, कुणाचा लहानपणीच दाबून टाकलाय, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही, आणि तिच्या घरात तर तो प्रश्न रोज चुलीपाशी उभा असायचा.

सासूबाईंचं माप सोपं होतं. "स्वयंपाक झाला ना? मग झालं तर." कुणी डोकं धरून बसलं, कुणाची कंबर धरली, कुणाला ताप आला, सासूबाई आधी ओट्याकडे बघायच्या. ओटा पुसलेला असेल तर दुखणं नाही. दुष्ट नव्हत्या त्या. धाकटीने लग्नानंतरची पहिली चार वर्षं त्यांना दुष्ट ठरवण्यात घालवली, पण त्या नव्हत्या. त्यांच्याकडे दुसरं मापच नव्हतं. त्यांच्या छातीत गाठ झाली, ती त्यांनी दोन वर्षं अंगावर काढली, एक नर्स सून घरात असताना. ती फुटून कपड्याला डाग पडायला लागले तेव्हा कुठे, तेही थोरलीने कपडे धुताना पाहिलं म्हणून कळलं. "सांगितलं का नाहीत?" धाकटी ओरडलीच होती. त्या म्हणाल्या, "कामं तर होत होती." शेवटच्या महिन्यातही त्या भाजी निवडून द्यायच्या. आणि त्या गेल्यावर त्यांचं माप मात्र घरात तसंच राहिलं. कुणी मुद्दाम ठेवलं नाही. थोरलीने उचललं, तिच्या नवऱ्याने, भाऊजींनी उचललं, धाकटीने स्वतः उचललं. तिचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं, ते स्वयंपाकघरातच. ओट्याला धरून उभी होती, पायांवरून गरम काहीतरी उतरत होतं, आणि ती गॅस बारीक करत होती. थोरलीने एकदाच तिच्या पाठीकडे पाहिलं. तोंडही दिसत नव्हतं हो, नुसती पाठ. हातातला डाव काढून घेतला आणि हळूच म्हणाली, "आत जाऊन पड. बाहेर मी सांगते आंघोळीला गेली म्हणून." मग टॅक्सी, मग हॉस्पिटल, मग रात्रभर उशाशी. किती दुखतंय, म्हणून विचारलं नव्हतं थोरलीने. तिला पाठीवरून आकडा वाचता आला होता.

आणि मी, धाकटी बाकावर बसल्या बसल्या मनात म्हणाली, मी तर तोंड बघत होते.

मंगळवारी साडेदहाला रांगेत एकदम थोरली दिसली तेव्हा तिला आधी वाटलं, डबा विसरला की काय आपला. शेजारी भाऊजी होते. थोरली किंचित उजवीकडे वाकून उभी होती, भिंतीला खांदा न टेकवता टेकल्यासारखी. रविवारपासून ती तशी चालत होती; धाकटीने विचारलंही होतं, आणि "गॅस झालाय गं" या उत्तरावर समाधानही मानलं होतं, कारण सोमवारची सकाळ होती आणि बस चुकत होती.

"काय होतंय, ताई?"

"पोट गं. थोडंसं."

"चार दिवस झाले, नुसतं पोट पोट चाललंय," भाऊजी म्हणाले. "म्हटलं, एकदाची दाखवून मोकळी हो. तसं काही नाही, सकाळचं सगळं आवरून आलीय."

"आवरलं नसतं तर तुम्ही उपाशी गेला असतात," थोरली म्हणाली आणि हसली. हसताना तिचा डावा हात पोटावर गेला आणि तिने तो लगेच काढला.

"इथे दाबा, ताई. किती दुखतंय ते."

थोरलीने बोट पुढे केलं. ते साताच्या चेहऱ्यापाशी गेलं, नुसतं गेलं नाही, थांबलं. मग तिने मान वळवून मागे पाहिलं. मागे तीसेक माणसं होती, एक बाई मांडीएवढं पोर काखेत घेऊन उभी होती, एक जण कुरकुरत होता. मग तिने भाऊजींकडे पाहिलं. मग दोन दाबलं.

"ताई, नीट सांगा हं."

"अगं दोनच. तू तुझं काम कर."

त्या क्षणी काय काय झालं, हे धाकटीने अकरा दिवसांत इतक्यांदा उलगडून पाहिलं होतं की आता त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. दोन म्हणजे सात हे तिला कळलं होतं. कळलं नव्हतं असं नाही. आकडा बदलायची किल्ली तिच्याकडे होती, स्क्रीनच्या खाली, मशीन बिघडलं तर म्हणून. पण समज मिळालेली होती. आणि ही जाऊ होती. परक्या हमालाला पुढे काढलं तर समज मिळते. घरच्या बाईला काढलं तर काय मिळेल? मागचा कुरकुऱ्या बघतच होता. शिवाय, आणि हे शिवाय तिला सगळ्यात जास्त टोचत होतं, थोरलीने 'तू तुझं काम कर' म्हटलं तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. थोरलीने सवयीप्रमाणे तिला वाचवलं होतं आणि तिने सवयीप्रमाणे वाचवून घेतलं होतं. चिठ्ठी बाहेर आली, एकशे त्रेचाळीस. भाऊजी "दुपारी येतो" म्हणून कामावर गेले. थोरली हिरव्या खुर्चीवर जाऊन बसली आणि धाकटीची नजर तिकडे गेली की दर वेळी हसायची, पोरांच्या कार्यक्रमाला बसल्यासारखी. एक वाजता चहा पाठवला तर घेतला नाही. दोन वाजता स्वतःच उठून खिडकीशी आली. तोंड उजळलेलं.

"अगं, थांबलं बघ. एकदम थांबलं. उगाच आले. मी जाते घरी, पोरं येतील शाळेतून."

एकदम थांबलं. धाकटीला आधी बरं वाटलं. बरं वाटलं, हे देवालाही सांगायला ती तयार होती, मग लक्षात आलं. इतकं दुखणारं पोट आपोआप एकदम थांबत नाही. आतलं काहीतरी फुटलं की थांबतं. ती खिडकी सोडून उठली, आत गेली, दारातल्या तरुण डॉक्टरला म्हणाली, "एकशे त्रेचाळीसला घ्या ना आधी." त्याने यादीवर बोट फिरवलं. "दोन आहे, सिस्टर. आकडा बदललाय का?" "नाही." "मग क्रमानेच घेतो, सात-आठवाले उभे आहेत." तो उद्धटपणे बोलला नाही. ती ओरडली असती तर त्याने घेतलं असतं. पण ती "बरं" म्हणाली. पोट फुटलंय हो, असं ती म्हणायला हवी होती, त्याच्या टेबलावर हात आपटून. ती म्हणाली 'घ्या ना आधी', आणि तेही असं की बाजूने जाणाऱ्याला वाटावं, सुई-दोरा मागतेय. परत येऊन तिने थोरलीला घरी जाऊ दिलं नाही, हात धरून पुन्हा खुर्चीवर बसवलं, एवढीच काय ती तिची मर्दुमकी. साडेतीनला थोरली पडली. पडताना शेजारच्या म्हातारबुवांना म्हणाली म्हणे, माफ करा हं.

बाकासमोरून एक शिपाई फायली घेऊन गेला. दार उघडलं, बंद झालं. अजून बोलावणं नव्हतं. इथपर्यंत आलं की धाकटीचा राग पुन्हा साहेबांवर चढायचा आणि तिला बरं वाटायचं. बेरीज-वजाबाकी बंद केलीत म्हणून हे झालं. माझ्या हाताला माझ्या डोळ्याने लिहू दिलं असतं तर झालं नसतं. पण इथेच, नेमकं इथेच, वीटभट्टीवरची ती बाई येऊन उभी राहायची आणि राग अर्धा मोडायचा. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. स्क्रीन नव्हती, धाकटीच्याच हातात सगळं होतं. पाच-सहा बायका एका तरुण बाईला उचलून घेऊन आल्या आणि सगळ्या मिळून गळा काढत होत्या. मेले गं, मेले गं. केसपेपरवाल्याने कानात बोटं घातली. आकडा विचारला तर बाई म्हणाली दहा, बाकीच्याही म्हणाल्या दहा, एक म्हातारी तर वीस म्हणाली. रडणाऱ्याचे तीन कमी. इतक्या जणी रडतायत म्हणून आणखी दोन कमी. धाकटीने पाच लिहिले आणि त्यांना खुर्च्या दाखवल्या. गर्भ नळीत होता, नळी फुटली होती. बाई जगली, पोर होण्याची आशा मात्र गेली. त्या वेळी कुठली चौकशी झाली नाही. त्यांच्यात कुणाला ठाऊकच नव्हतं, कुठे लिहायचं, कुणाला विचारायचं. जाताना ती वीस म्हणणारी म्हातारी खिडकीशी येऊन शांतपणे बोलली होती, भांडली असती तर परवडलं असतं. "बाई, आमच्यात रडलं नाही तर कुणी दुखतंय म्हणून धरत नाही. तुमच्यात रडलं तर धरत नाही होय?"

धाकटीने तेव्हा पुढचा नंबर पुकारला होता.

आज इथे येण्याआधी ती तिसऱ्या मजल्यावर जाऊन आली होती. वॉर्डाच्या दाराशी भाऊजी उभे होते, दाढी वाढलेली. गेले अकरा दिवस घरात तेच चुलीपाशी होते, आणि त्यांचे दोन्ही अंगठे भाजलेले होते. "मला खरंच कळलं नाही गं," ते म्हणाले, रोज म्हणायचे. "ती हसत होती. सगळं आवरून निघाली. मला वाटलं..." काय वाटलं ते त्यांना कधीच पुरं करता आलं नव्हतं. धाकटीला पूर्वी त्यांचा राग यायचा, पण आज आला नाही. पन्नाशीचा माणूस, आईचं माप घेऊन आयुष्य काढलं आणि ते बायकोच्या पोटाला लावल्यावर खोटं निघालं. आत थोरली उशीला टेकून बसली होती, पोटातून दोन नळ्या बाहेर, तोंड वाळलेलं.

"ये गं. अकरा दिवस आयतं खातेय बघ, जन्मात पहिल्यांदा."

"खाताय कुठे, नुसती पेज पिताय."

"तेच ते. भांडी तरी घासायला नाहीत."

मग ती गंभीर झाली. धाकटीचा हात ओढून घेतला, हात गरम होता. "ह्यांनी सांगितलं मला त्या कागदाचं. सही करून टाक. माझंच चुकलं, खरं तेच लिहिलंय ना. तुझ्या खिडकीवर येऊन मी सात दाबलं असतं, तर सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, जावेला घुसवली आत. अकरा वर्षं नेकीने बसलीस तिथे तू. माझ्या पोटापायी तुझं नाव खराब करू? आणि ह्यांच्यापुढे सात म्हणायचं, तर हे म्हणणार, सकाळी कशी फिरत होतीस मग. कर सही. मी काय परकी आहे?"

तेवढ्यात वॉर्डातली पोरगेलीशी नर्स पाटी घेऊन आली. "काकू, आज किती?"

"दोन," थोरली म्हणाली. लगेच, हसून, धाकटीचा हात हातात असताना. आणि म्हणताना तो हात तिने इतका आवळला की अंगठी बोटात रुतली.

नर्सने दोन लिहिले. धाकटीने पाटी घेतली. अकरा दिवसांचे रकाने. दोन, दोन, तीन, दोन. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीही तीन. शेजारी औषधांची यादी. चारच्या वर आकडा असेल तर इंजेक्शन, खाली असेल तर गोळी. म्हणजे या बाईचं पोट एकदा, आणि पू पुन्हा साचला म्हणून दुसऱ्यांदा उघडून शिवलं आणि अकरा दिवस ती एका गोळीवर पडून आहे. रोज कुणीतरी विचारतंय, ती सांगतेय, आणि नियमानुसार नोंद होतेय. "सात लिही," धाकटी म्हणाली. नर्स गोरीमोरी झाली. "सिस्टर, पेशंट सांगेल तेच लिहायचंय. तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

दार उघडलं. शिपाई म्हणाला, "सिस्टर, या."

खोलीत लांब टेबल होतं. मधोमध प्रशासकसाहेब, त्यांच्या डावीकडे ऑपरेशनवाल्या डॉक्टरीणबाई, डोळ्यांखाली काळं, पेनाचं टोपण काढत-घालत. साहेबांनी स्वतः उठून पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. माणूस वाईट नव्हता; हीच तर पंचाईत होती, या सगळ्यात कुणीच धड वाईट नव्हतं.

"बसा, सिस्टर. घरचंच माणूस आहे तुमचं, आम्हालाही वाईट वाटतं. तुम्ही काळजी करू नका. तुमच्यावर काहीच येत नाही यात. तुम्ही नियम पाळलात."

"म्हणूनच आलेय मी."

"मग सही करा, म्हणजे संपलं."

धाकटीने घडी उलगडून कागद टेबलावर ठेवला. "मी ही सही करणार नाही. रुग्णाने कमी सांगितलं, हे खरं नाही. तिने तिच्या भाषेत बरोबर सांगितलं होतं आणि मला ती भाषा येते. ती दोन म्हणाली म्हणजे सात, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. किल्ली माझ्या हाताशी होती. मी वापरली नाही."

टोपण थांबलं. डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं.

"सिस्टर," साहेब सावकाश म्हणाले, "हे मी लिहून घेतलं तर ते तुमच्यावर येईल. तुमच्या लक्षात येतंय ना? एकोणीस वर्षांची नोकरी आहे."

"येऊ दे. आणखी एक लिहा." तिने वीटभट्टीवरच्या बाईचं सगळं सांगितलं. तारीखही सांगितली, ती तिला पाठ होती. सांगताना आवाज लहान होत नव्हता. याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग पुढे वाकले, आणि त्यांच्या तोंडावर खरंच, मनापासून, समजावण्याचा भाव होता. "बघा, हेच तर मी म्हणतोय. तुम्हीच सांगताय की कर्मचारी अंदाज करतो आणि चुकतो. एकीचे वाढवतो, दुसरीचे कमी करतो. म्हणून तर आपण स्क्रीन आणली. सगळ्यांना एकच माप."

माणूस खोटं बोलत नव्हता. घशापाशी ती जुनी चाळणी पुन्हा लागली, 'बरोबर आहे साहेब' एवढंच खाली पडायला तयार होतं. तिने पाण्याचा ग्लास बाजूला सारला.

"चुकले मी. माझं माप चुकलं. आमच्या सासूबाईंचं चुकलं, त्या त्यानेच गेल्या. माझ्या दिरांचं चुकलं, ते वर उभे आहेत, जाऊन बघा. आम्ही सगळ्यांनी कबूल केलं. तुमचं तेवढं चुकत नाही, म्हणून तुम्ही माझ्या जावेचं नाव लिहून आणलंत. एकच माप म्हणता, साहेब. पण ती बाई घरातून आधीच मापून येते. मागे रांग, शेजारी नवरा, समोर जाऊ, आणि एवढ्यांच्या देखत बोट दाबायचं. कुणी तिला एकटीला बसवून विचारलंय? कुणी तिच्या पोटाला हात लावलाय? नाडी पाहिलीय? पाच तास तुमच्या इमारतीत एकाही माणसाचा हात तिच्या अंगाला लागला नाही. आणि या घडीला, तुम्ही मला पाणी देताय या घडीला, ती वर शिवलेलं पोट घेऊन गोळीवर पडलीय, कारण तिने आज पुन्हा दोन सांगितलेत."

"काय? इंजेक्शन नाही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि खुर्ची मागे सारून सरळ दाराबाहेर गेल्या. जिन्यावर त्यांच्या चपला वाजत वर गेल्या.

खोलीत दोघंच उरले. साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला, त्या वाक्यावरून पेन नुसतंच फिरवलं, काही खोडलं नाही.

"सिस्टर, हे सगळं वाजवी आहे. पण समितीपुढे मला काहीतरी निष्कर्ष लिहावा लागेल."

"लिहा ना. पण आधी मला सांगा. उद्या सकाळी आठला माझी ड्यूटी आहे, तोवर काढलं नाहीत तर मी खिडकीवर असणार. पहिल्या दहा जणांत कुणीतरी बाई येईल, घरचं आवरून आलेली, शेजारी नवरा किंवा मुलगा. हसेल आणि दोन दाबेल. तिच्यानंतर दुसरी येईल, ती किंचाळत दहा दाबेल. मला माझ्या डोळ्यावर भरवसा नाही, तुमच्या स्क्रीनवरही नाही. त्या दोघींना मी काय करू? वर फोन करून विचारू नका, वकिलाला विचारू नका. तुम्ही सांगा, साहेब. मी त्या दोघींना काय करू?"